ताईंनी दोन बंद अभ्यासिका आमच्यापासून का लपवल्या?

वाचक लिहितात :

“मी लोअर परळमधल्या एका कंपनीत सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीनं सामाजिक कामांसाठी कायद्यानुसार द्यायचा निधी बघणाऱ्या विभागात काम करते. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात शाळकरी मुलांसाठी आठ अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेला आम्ही सलग तिसऱ्या वर्षी निधी देतोय. गेल्या महिन्यात मी न कळवता तिकडे गेले. एका शिक्षिकेशी बोलताना कळलं, की आठपैकी दोन अभ्यासिका जुलैपासून बंद आहेत. तिमाही अहवालात मात्र आठच्या आठ चालू! संस्थेच्या संचालिका ताई माझ्या आईच्या वयाच्या आहेत. दर वेळी ‘मॅडम, तुमच्यामुळेच हे सगळं चाललंय’ म्हणतात. मी त्यांना खूप मानते, म्हणूनच जास्त लागलं. या वर्षी बोर्डाच्या मंजुरीमुळे आमचा पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये गेला, हे मान्य. प्रशासकीय खर्चही आम्ही पाच टक्क्यांवर देऊ शकत नाही, कारण कायदाच तसा आहे. पण म्हणून चुकीचा अहवाल द्यायचा? मी हे वर कळवू का? निधी थांबवू का? आणि यापुढे या माणसांवर विश्वास कसा ठेवू?”

तुम्ही दुखावल्या गेलात हे पत्रात जागोजाग दिसतं, आणि ते स्वाभाविक आहे. अहवाल चुकीचा होता. त्यावर मी पांघरूण घालणार नाही आणि तुम्हीही घालू नका. पण पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत उरकलंय. हप्ता सप्टेंबरमध्ये गेला. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं, म्हणून सुरुवात तिथून करू.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच आठवड्यात अभ्यासिका भरायला लागतात. निधी आला नाही म्हणून मुलं थांबत नाहीत. शिक्षिका बहुतेक त्याच वस्तीतल्या असतात, त्यांच्या मानधनावर घरचा किराणा भरला जातो, त्यामुळे ते महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं. खोलीचं गणित त्याहून अवघड. गोवंडीत मुलं बसतील एवढी खोली मिळवायची तर आधी डिपॉझिट, मग भाडं. अकरा महिने भरले की मालक दोन्ही वाढवून मागतो. तुम्ही नाही म्हणालात, तर जरीकामाचा नाहीतर शिलाईचा कारखाना टाकायला कुणीतरी तयार उभाच असतो.

अशा महिन्यांत छोट्या संस्थेच्या ऑफिसात काय चालतं ते मी फार जवळून पाहिलंय. हिशेब बघणारी मुलगी वहीत दोन रकाने आखते. एकात आत्ता द्यावेच लागतील असे पैसे, दुसऱ्यात थांबू शकतील असे. शिक्षिका पहिल्या रकान्यात. वीजबिल पहिल्या रकान्यात, कारण मीटर कापला तर पत्र्याखाली पंख्याविना मुलं बसणार नाहीत. झेरॉक्सवाला ओळखीचा, तो दुसऱ्यात. चार्टर्ड अकाउंटंटची फी दुसऱ्यात. संचालिकेचं स्वतःचं मानधन दुसऱ्या रकान्याच्या अगदी तळाशी, आणि ते कधी कधी दिवाळीपर्यंत तिथेच राहतं. खोलीमालक मात्र दुसऱ्या रकान्यात बसायला तयार नसतो. मग ती खोली हातची जाते.

तुमच्या ताईंच्या बाबतीत असंच झालं, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. ते विचारूनच कळेल. पण विचारायला जाताना हे चित्र मनात असू द्या.

आता, त्यांनी तुम्हाला सांगितलं का नाही? समजा, जुलैमध्ये ताईंनी फोन करून कळवलं असतं, की दोन खोल्या गेल्या. तुमच्याकडे काय झालं असतं? मनाशी खरं उत्तर द्या. बहुतेक ठिकाणी एक ईमेल जातो, साहेबांना सीसी ठेवून : उद्दिष्टात घट का, लेखी खुलासा करा, तोपर्यंत पुढचा हप्ता प्रलंबित. आधीच न आलेला हप्ता आणखी लांबतो. त्यात तुमचा पगार थांबत नाही, कंपनीचं काही बिघडत नाही. शिक्षिकांचं मानधन थांबतं. खरं बोलण्यातली सगळी जोखीम एकट्या संस्थेनं उचलायची आणि विश्वास दोघांनी ठेवायचा, हे जमणारं नाही. पैसा ज्याच्या हातात आहे त्यानं या जोखमीतला आपला वाटा आधी उचलावा, मग समोरच्याकडून स्पष्टपणाची अपेक्षा करावी. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे सांगते आहे तो त्याचा व्यवहार.

आधी ताईंना भेटा. लोअर परळला बोलावू नका. काचेच्या मीटिंग रूममध्ये, समोर तुमचे साहेब आणि पडद्यावर एक्सेलचा तक्ता असला, की माणूस बचावाचंच बोलतो. करी रोडहून कुर्ला, तिथून हार्बरनं गोवंडी, एकटीनं जा. या वेळी आधी कळवून जा. आणि ज्या शिक्षिकेकडून तुम्हाला हे कळलं तिचं नाव कुठल्याही परिस्थितीत निघू देऊ नका. ती सहज बोलून गेली. तिच्यावर संस्थेत राग निघाला तर पुढे वस्तीतलं कुणीही तुमच्याशी मोकळं बोलणार नाही.

बोलण्याची सुरुवात आपल्या बाजूच्या चुकीनं करा. “ताई, हप्ता आमच्याकडून उशिरा आला. त्यामुळे तुम्हाला काय काय सोसावं लागलं ते आम्ही कधी विचारलंच नाही. दोन अभ्यासिका बंद आहेत हे मला कळलंय. काय झालं ते सांगा, मी ऐकायला आले आहे.” एवढं बोलून थांबा. त्या लगेच मोकळ्या होतीलच असं नाही. कदाचित आधी चहा मागवतील, मुलांच्या निकालाबद्दल बोलतील. बोलू द्या.

नंतर कागद बघायला मागा, संकोच करू नका. बंद अभ्यासिकांतली मुलं कुठे गेली? हजेरीपट काय सांगतो? त्या दोन शिक्षिकांना मानधन मिळालं का, बँकेच्या पासबुकात ते दिसतं का? यातून एकतर कळेल, की मुलं शेजारच्या अभ्यासिकेत दुसऱ्या पाळीत बसतात आणि शिक्षिका तिथेच शिकवतात, म्हणजे काम चालू आहे, फक्त खोल्या कमी झाल्या. नाहीतर कळेल, की त्या दोन अभ्यासिकांचा पैसा खात्यात पडून आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. पण पैसा प्रकल्पाबाहेर गेला असेल आणि कुठे गेला हे सांगता येत नसेल, तर मग विषय नात्याचा राहत नाही. तेव्हा संस्थेच्या विश्वस्तांना लेखी कळवा, पुढचा हप्ता थांबवा, हिशेब मागा. ताईंबद्दल कितीही माया असली तरी हे करावंच लागेल. तो पैसा मुलांच्या नावानं दिलेला आहे.

वर कळवायचं का, असं तुम्ही विचारलंत. हो, कळवा, पण गोवंडीहून परत आल्यावर. निधी मंजूर केलेल्या कामासाठीच वापरला गेला याची खात्री बोर्डानं करून घ्यायची असते आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याला तसं प्रमाणित करावं लागतं. आठ अभ्यासिकांच्या अहवालावर तुमच्या कंपनीत कुणाची तरी सही होणार आहे, त्यामुळे हा आकडा दाबून ठेवणं तुमच्याही हिताचं नाही. मात्र नुसती तक्रार पाठवू नका, सोबत दुरुस्तीचा प्रस्ताव जोडा. सीएसआर समितीनं सबळ कारण देऊन शिफारस केली, तर बोर्डाला वार्षिक कृती आराखडा वर्षाच्या मध्यातही बदलता येतो. आठाच्या सहा अभ्यासिका आणि दोन ठिकाणी दुसरी पाळी, असा बदल कागदावर रीतसर करून घेता येईल. संस्थांना हे ठाऊक नसतं. एकदा मंजूर झालेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्यांना वाटतं आणि ते वाटू देण्यात आपलाच हात असतो.

आता पाच टक्क्यांकडे येते. इथे तुमची समजूत चुकते आहे, आणि ती एकट्या तुमची नाही. मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांचे प्रस्तावाचे नमुने याच चुकीवर उभे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. म्हणजे तुमच्या विभागाचा सर्वसाधारण कारभार, त्यातल्या माणसांचे पगार. तो खर्च वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, असं नियम म्हणतो. काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च या व्याख्येत येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकातल्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलंय. वित्त विभागातल्या कुणी वीस टक्क्यांच्या मर्यादेचा हवाला दिला, तर ती एफसीआरएमधली आहे, २०२० च्या दुरुस्तीनंतरची, परदेशातून येणाऱ्या देणग्यांसाठी. ती सीएसआरच्या नियमांत नाही.

म्हणजे कायद्यानं घातलेलं नाही असं कुंपण आपणच घालतो, आणि संस्थेनं त्यात मावावं अशी अपेक्षा ठेवतो. परिणाम काय होतो ते तुमच्याकडच्या बजेटमध्येच बघा. खोल्यांचं डिपॉझिट कुठल्या रकान्यात आहे? हिशेब बघणाऱ्या मुलीचा पगार? ताईंचं मानधन? ऑडिट फी? ताईंनी ते एकतर सोडून दिलं असेल, नाहीतर ‘शैक्षणिक साहित्य’ किंवा ‘प्रशिक्षण’ अशा नावाखाली कुठेतरी बसवलं असेल. लपवण्याची सवय बंद अभ्यासिकांपासून लागलेली नसते. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आपण ती लावतो. खरा खर्च लिहिला तर निधी मिळत नाही, हे तिथेच शिकवलं जातं. मग अहवालात खरा आकडा लिहावा हे त्यांना कसं सुचणार?

हा खर्च खरोखर किती असतो, याचा अंदाज घ्यायचा असेल तर ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेचा २०२१ चा अभ्यास तुमच्या साहेबांपुढे ठेवा. त्यांनी तपासलेल्या भारतीय संस्थांमध्ये अप्रत्यक्ष खर्च ५ पासून ५१ टक्क्यांपर्यंत होता आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, १९ टक्के. काम कोणतं आणि कुठे, यावर तो ठरतो. सगळ्यांना एकच टक्का लावणं हे बजेट बघण्याचे कष्ट टाळणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत देण्याची जुनी रीत अशी नव्हती. तुमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर, परळला, टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टनं उभं केलं. पुढे १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ते हाती घेतलं, पण तोवर रुग्णालयाच्या पाठीशी ट्रस्टच होता. रुग्णालय चालायचं तर डॉक्टर, परिचारिका, वीज, कारकून, सफाई हे सगळं चालायला हवं, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. अभ्यासिका आकारानं लहान, पण तिलाही खोली लागते आणि हिशेब लिहिणारं माणूस लागतं.

तेव्हा ताईंकडून बजेट नव्यानं मागा आणि त्यांना तोंडानं सांगा, की या वेळी सगळं लिहा. डिपॉझिट वेगळ्या ओळीत दाखवा. ते परत मिळालं की त्याच अभ्यासिकांसाठी वापरायचं, असं करारात लिहून घ्या, म्हणजे वित्त विभागाचा आक्षेप राहणार नाही. एका शीर्षातली थोडी रक्कम दुसऱ्या शीर्षात न विचारता वळवायची मुभाही करारात ठेवा. किती टक्के ते दोघांनी बसून ठरवा. भाडं अचानक वाढलं तर ताईंना परवानगीसाठी महिनाभर थांबावं लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

हप्त्याचं दुखणं यापेक्षा खोल आहे आणि दर वर्षी नव्यानं होणाऱ्या मंजुरीत त्याचं मूळ आहे. एप्रिलमध्ये प्रस्ताव, पुढे समिती, मग बोर्ड, मग करार, तोवर पावसाळा संपतो. आणि मार्चमध्ये उलटी धावपळ, पैसे संपवा, बिलं पाठवा! कायद्यात याला वाट आहे. प्रकल्प ‘सुरू असलेला प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घेतला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षांपर्यंत तो चालू शकतो. वर्षअखेरीला काही रक्कम उरलीच, तर ती तीस दिवसांत ‘अनस्पेंट सीएसआर अकाउंट’ या न खर्चलेल्या निधीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामासाठी वापरता येते. ३१ मार्चला पैसा वाया जाईल, ही भीती अशा प्रकल्पांपुरती तरी निराधार आहे. तीन वर्षं तुम्ही याच संस्थेला एकेक वर्षाचा निधी देताय. पुढच्या खेपेला तीन वर्षांचा एकच करार करा आणि दर वर्षीचा पहिला हप्ता एप्रिलमध्येच जाईल असं त्यात लिहा. तुमच्या हातून होण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट मला विचाराल, तर हीच.

अहवालाबद्दल थोडक्यात. छोट्या संस्थेकडून मोठमोठी प्रभाव-मूल्यमापनं, म्हणजे कामाचा परिणाम किती झाला हे मोजणारे अभ्यास, मागू नका. कायद्यानं ती ज्या कंपन्यांचं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा अधिक आहे त्यांनाच, आणि त्यांच्या १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांनाच लावली आहेत. ताईंकडून मराठीत चार पानं आली तरी चालतील. त्यात ‘या तिमाहीत काय जमलं नाही’ असा एक भाग असू द्या आणि तो भरून आला की तुमचं पहिलं उत्तर खुलासा मागणारं नसावं. “यात आमच्याकडून काय हवंय?” असं विचारा. पहिल्या वाईट बातमीला तुम्ही कशा वागता हे संस्थेतला प्रत्येक माणूस बघत असतो. ऑफिसात येणारी बाईसुद्धा.

न कळवता जाण्याबद्दलही सांगायला हवं. मला ते आवडत नाही. गेलात म्हणून हे कळलं, हे खरं. पण वस्तीत त्याचा अर्थ तपासणी असाच घेतला जातो आणि पुढच्या वेळी मुलांना तास संपला तरी ‘पाहुणे येतील’ म्हणून बसवून ठेवतात. त्यापेक्षा कामाच्या कुठल्याही दिवशी कुणीही डोकावू शकेल, असं दोघांनी आधीच ठरवून घ्या. आणि काही वेळा काहीही न तपासता जाऊन नुसत्या बसा. मुलांना गणित शिकवता आलं तर शिकवा.

आता ताईंसाठी. हे त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल. ताई, तुम्ही ज्या परिस्थितीत आकडा लिहिलात ती मला कळते. तरीही तो लिहायला नको होता. अहवाल तुमच्या सहीनं जातो, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून खरं बाहेर आलं तर गोवंडीतल्या इतर संस्थांकडेही लोक संशयानं बघतील. पैसे कमी पडत असताना ‘भागवून घेऊ’ म्हणून प्रस्तावात कमी आकडा टाकायची सवयही सोडा. त्याची झळ तुमच्या शिक्षिकांनाच बसते. निधी पुरत नसेल तर सहाच अभ्यासिका करू म्हणा, ठामपणे म्हणा. तुमच्या विश्वस्तांपैकी एकाला तरी देणाऱ्यांशी अशा अवघड गोष्टी बोलायला पुढे करा, सगळा भार एकटीनं का घ्यायचा? आणि या ‘मॅडम’ तुम्हाला मानतात, त्यांचं पत्र तेच सांगतं.

साहेबांना पाठवायचं टिपण एका पानापेक्षा मोठं करू नका. वस्तुस्थिती, तिची दोन्ही बाजूंची कारणं, उशिरा गेलेल्या हप्त्याची तारीख, सुधारित अहवाल कधी येणार ती तारीख आणि आराखड्यातला बदल. हप्त्याची तारीख गाळू नका. वरिष्ठांना ती आवडणार नाही आणि तुमचं मन ती वगळायला सांगेल. ताईंकडून तुम्ही जो स्पष्टपणा मागताय तोच इथे तुमच्याकडून हवा आहे. तुमच्या डोक्यावरही कुणीतरी आहे, तुम्हालाही नोकरी टिकवायची आहे, हे मला दिसतं. म्हणून पाच टक्क्यांचा मुद्दा स्वतःचं मत म्हणून मांडू नका. नियम आणि परिपत्रक सोबत जोडा आणि वित्त विभागाकडून लेखी उत्तर मागा.

ते उत्तर काय आलं, ते मला नक्की कळवा. ‘नाही’ आलं, तर कोणत्या कलमाचा आधार दिलाय तेही लिहा, पुढचं आपण त्यावरून बघू. तोवर बंद अभ्यासिकांतल्या मुलांची सोय आधी बघा. वार्षिक परीक्षा जवळ आल्या, की सहा खोल्यांत आठ खोल्यांची मुलं मावणार नाहीत.